काँग्रेसची तिजोरी सांभाळणारे वर्ध्याचे शेठ

वर्धा : पक्षाकडे पैसा येतो कुठून आणि जातो कुठे, हा प्रश्न काही आजचा नाही. शंभर वर्षांपूर्वीही लोक तो विचारत होते, आणि उत्तर द्यायची वेळ आली होती वर्ध्याच्या एका कापूस व्यापाऱ्यावर, जमनालाल बजाज यांच्यावर.

जमनालाल मूळचे राजस्थानातल्या सीकरजवळचे. जन्म ४ नोव्हेंबर १८८९ चा. वर्ध्याचे शेठ बच्छराज यांनी त्यांना लहानपणीच नातू म्हणून दत्तक घेतलं. एकदा आजोबांशी असा खटका उडाला की हा सतरा वर्षांचा पोरगा संपत्तीवर पाणी सोडतो असं लिहून देऊन घराबाहेर पडला. समजूत घालून त्याला परत आणलं. १९०७ मध्ये बच्छराज गेले आणि सगळी पेढी त्याच्याच अंगावर आली.

डिसेंबर १९२० मध्ये नागपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. स्वागताध्यक्ष होते जमनालाल, आणि तिथूनच पक्षाची खजिनदारीही त्यांच्याकडे आली. सरकारची रायबहादूर पदवी त्यांनी परत केली. असहकारात वकिली सोडणाऱ्यांच्या घरखर्चासाठी पदरचे १ लाख रुपये दिले.

खरी कसोटी पुढच्या वर्षी लागली. बेजवाड्याच्या बैठकीत ठरलं की टिळक स्वराज्य फंडात ३० जून १९२१ पर्यंत १ कोटी रुपये जमवायचे. तेव्हाचे १ कोटी! बायाबापड्यांनी अंगावरचे दागिने काढून दिले, मुंबईच्या व्यापाऱ्यांनी मोठ्या रकमा दिल्या, आणि आकडा गाठला. मग मात्र कुजबुज सुरू झाली. कोटीचं झालं काय? वस्तुस्थिती अशी की, पैशाचा मोठा भाग प्रांतांकडेच राहायचा. कित्येक देणगीदारांनी आपली रक्कम ठरावीक कामासाठीच बांधून दिली होती. त्यामुळे खजिनदाराच्या हातात कोटी कधी नव्हतेच. हिशेब तपासून घेतले, छापलेही. तरी पुढे कित्येक वर्षं तोच सवाल फिरून फिरून येत राहिला.

दुसरा वाद जास्त टोकदार होता. पूर्णवेळ कार्यकर्त्यांच्या पोटापाण्यासाठी १९२३ मध्ये गांधी सेवा संघ निघाला, त्यातही पुढाकार जमनालालांचाच. काँग्रेसमधले डावे विचारू लागले, शेठजींच्या पैशावर जगणारा माणूस गिरणीमालकाविरुद्ध तोंड उघडेल काय? जमनालालांनी देणगीच्या बदल्यात काही मागितलं नाही, पण सवाल खोटाही नव्हता. वाद इतका वाढला की १९४० मध्ये संघानं राजकारणातून अंग काढून घेतलं.

खुद्द जमनालाल तोवर झेंडा सत्याग्रहापासून अनेकदा तुरुंगात जाऊन आले होते. वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर त्यांनी १९२८ मध्येच दलितांसाठी उघडलं. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी वर्ध्यातच ते अचानक गेले. पत्नी जानकीदेवींनी आपल्या वाट्याची मालमत्ता गोसेवेच्या कामाला देऊन टाकली.