पु. ल. देशपांडे : एकपात्री रंगभूमी आणि गद्यलेखन

पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१९ रोजी मुंबईत झाला. त्यांचे मातामह वामन मंगेश दुभाषी हे ‘ऋग्वेदी’ या नावाने लिहीत. पार्ल्याच्या मध्यमवर्गीय वातावरणात त्यांना पेटीवादन, नकला आणि वक्तृत्व यांची गोडी लागली. पुढे त्यांनी शिक्षकी केली आणि बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात अध्यापन केले. ‘गुळाचा गणपती’ (१९५३) या चित्रपटाची कथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि प्रमुख भूमिका ही सर्व कामे त्यांचीच होती. १९५५ मध्ये ते आकाशवाणीत गेले. १९५९ मध्ये दूरदर्शनच्या आरंभकाळात त्यांनी पंडित नेहरूंची मुलाखत घेतली.

इतकी क्षेत्रे हाताळणाऱ्या व्यक्तीच्या कार्यात एकसूत्रता कोणती, हा प्रश्न स्वाभाविक आहे. तिचा शोध ‘बटाट्याची चाळ’ या कृतीत घेता येतो. १९५८ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झालेले हे विनोदी गद्य १९६१ मध्ये त्यांनी एकट्याने रंगभूमीवर आणले. एकाच व्यक्तीने अनेक पात्रे उभी करण्याची परंपरा भारतात जुनी आहे. महाराष्ट्रातील कीर्तनकार आणि भिलाई परिसरातील पंडवानी गायक हेच करतात. तेथे मात्र कथा पुराणातील वा महाभारतातील, म्हणजे श्रोत्यांच्या परिचयाची असते. देशपांडे यांच्यापाशी तसा आधार नव्हता. त्यांची पात्रे गिरगावातील सामान्य भाडेकरू होती. ती ओळखीची वाटावीत यासाठी प्रत्येकाची बोली, लकब आणि जातिविशिष्ट शब्दकळा त्यांनी मूळ गद्यातच टिपली होती. त्यामुळे नटाला नवे नाटक रचावे लागले नाही. लेखकाने ऐकलेले आवाज त्याने पुन्हा ऐकविले. अखेरच्या चिंतनात चाळीतील सामूहिक जीवन लोपत चालल्याची खंत आहे, आणि त्यामुळेच या विनोदाला केवळ नकलेपलीकडचे मोल येते.

‘व्यक्ती आणि वल्ली’ या व्यक्तिचित्रसंग्रहास १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. विनोदी लेखन गंभीर साहित्यात गणावे की नाही, या वादात ही घटना महत्त्वाची ठरते. त्याच वर्षी पत्नी सुनीताबाई यांच्यासह त्यांनी पु. ल. देशपांडे प्रतिष्ठान स्थापन केले आणि प्रयोग व पुस्तके यांचे उत्पन्न सामाजिक व सांस्कृतिक संस्थांकडे वळविले. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र (१९८६) त्यांच्याच देणगीतून उभे राहिले. एकपात्री प्रयोगांना मागणी असतानाच त्यांनी ते थांबविले होते. पन्नाशीत शांतिनिकेतनात राहून ते बंगाली शिकले. १९७४ मध्ये इचलकरंजीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. १९७७ च्या निवडणुकीत आणीबाणीविरुद्ध जाहीर सभा गाजविताना हेच वक्तृत्व त्यांनी राजकीय स्वातंत्र्याच्या कामी लावले.

१२ जून २००० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. एकपात्री प्रयोग नटाच्या देहाशी बांधलेला असतो, त्यामुळे तो नटाबरोबर संपण्याचा धोका राहतो. देशपांडे यांच्या बाबतीत ध्वनिमुद्रणे मागे राहिली, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे स्वतंत्रपणे वाचता येणारी संहिता राहिली. हा प्रकार मराठीत रुजला, याची साक्ष लक्ष्मण देशपांडे यांच्या १९७९ पासून गाजलेल्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या प्रयोगाने दिली. तेथेही लेखक आणि नट एकच होते.