रक्ताचे गट शोधणारे लँडस्टायनर

गेल्या वर्षी माझ्या सुनेच्या बाळंतपणात रक्तस्राव थांबेना. दोन पिशव्या रक्त चढवले तेव्हा ती वाचली. पिशवीवर ‘ओ’ हे अक्षर होते. या अक्षराचे मूळ शोधू लागले आणि डॉ. कार्ल लँडस्टायनर यांची ओळख झाली.

त्यांचा जन्म १४ जून १८६८ रोजी व्हिएन्नाजवळच्या बाडेन गावी झाला. वडील पत्रकार होते. कार्ल सहा वर्षांचे असताना ते वारले आणि आईनेच मुलाला वाढवले. १८९१ साली ते डॉक्टर झाले, पण त्यांचा जीव रमला प्रयोगशाळेत.

बाळंतपणात रक्त गेलेल्या स्त्रियांना दुसऱ्या माणसाचे रक्त देण्याचे प्रयोग लंडनचे डॉ. जेम्स ब्लंडेल यांनी त्यापूर्वी सत्तर वर्षे केले होते. काहीजणी वाचल्या, काही दगावल्या. असे का, हे कोणालाच उमगले नव्हते. लँडस्टायनर यांनी स्वतःचे आणि सहकाऱ्यांचे रक्त घेतले, तांबड्या पेशी व वरचे पाणी वेगळे केले आणि एकाचे दुसऱ्यात मिसळून पाहिले. काही जोड्या छान मिळाल्या. काहींत मात्र दूध नासावे तशा पेशी गोळा झाल्या. त्यावरून १९०१ साली त्यांनी ए, बी, सी असे तीन गट मांडले. त्यातल्या सीलाच पुढे ओ म्हणू लागले. चौथा एबी गट त्यांच्या सहकाऱ्यांना १९०२ साली सापडला.

पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नात हलाखी आली. बायकोमुलाला घेऊन ते हॉलंडला आणि तेथून न्यूयॉर्कला गेले. नोबेल पारितोषिक मिळाले ते १९३० साली. सत्तरी उलटल्यावर, १९४० साली, त्यांनी डॉ. वीनर यांच्यासह आरएच घटक जाहीर केला. आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असले तर पुढच्या बाळाला धोका असतो. आता त्यासाठी आईला वेळीच इंजेक्शन देतात.

आईच्या मृत्यूनंतर तिच्या चेहऱ्याचा साचा त्यांनी जन्मभर आपल्या खोलीत ठेवला. जून १९४३ मध्ये प्रयोगशाळेतच त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि २६ तारखेला ते गेले. त्यांचा जन्मदिवस २००४ पासून जगभर रक्तदाता दिन म्हणून पाळतात.

भगिनींनो, घरातल्या कोणत्या डब्यात काय आहे हे मी अंधारातही सांगेन. पण त्या रात्री नर्सबाईंनी माझा रक्तगट विचारला, तेव्हा मला सांगता आला नाही. आता तो देवघराशेजारच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवला आहे. आपणही लिहून ठेवावा.