जेम्स औट्रम

सर जेम्स औट्रम (२९ जानेवारी १८०३ – ११ मार्च १८६३) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यातील लष्करी व राजकीय अधिकारी होते. १८५७ च्या उठावातील लखनौच्या लढ्यामुळे त्यांचे नाव सर्वत्र परिचित झाले. खानदेशाच्या इतिहासात मात्र ते भिल्ल पलटणीचे संस्थापक व सातपुड्यातील वाघ-अस्वलांचे शिकारी म्हणून ओळखले जातात. १८२५ ते १८३५ ही दहा वर्षे त्यांनी मुख्यत्वे आजच्या जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांच्या परिसरात घालवली.

प्रारंभिक जीवन

औट्रम यांचा जन्म इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यात बटर्ली हॉल येथे झाला. वडील बेंजामिन औट्रम हे कालवे व लोहमार्ग बांधणारे अभियंते होते. १८०५ मध्ये त्यांचे निधन झाले आणि कुटुंबाची आर्थिक स्थिती खालावली. आई मार्गारेट यांनी मुलांना घेऊन स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे वास्तव्य केले. तेथील मारिशल महाविद्यालयात काही काळ शिक्षण घेऊन औट्रम १८१९ मध्ये कंपनीच्या सैन्यात छात्र म्हणून मुंबईस आले. १८२४ मध्ये कित्तूरच्या मोहिमेत त्यांनी भाग घेतला.

खानदेशातील परिस्थिती

१८१८ मध्ये पेशवाईचा अंत होऊन खानदेश कंपनीच्या ताब्यात गेला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी धुळे येथे मुख्य ठाणे ठेवून कारभार सुरू केला. सातपुडा व सातमाळा डोंगरांतील घाटवाटांवर भिल्ल नाईकांचे परंपरागत हक्क होते. वाटेचे व गावाचे रक्षण करावे आणि त्याबद्दल ठरावीक हक्क घ्यावा, अशी ती रीत होती. उत्तर पेशवाईतील बंडाळी, दुष्काळ व लूटमार यांत ही व्यवस्था मोडली. हक्क बुडालेल्या नाईकांनी डोंगरांचा आश्रय घेतला. कंपनीने प्रथम सैन्यबळाचा वापर केला, परंतु रोगराई व अनोळखी जंगल यांमुळे त्यास कायमचे यश आले नाही.

१८२५ मध्ये मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी धोरण बदलले. भिल्लांसाठी तीन स्वतंत्र एजन्सी स्थापन झाल्या. भिल्लांना शेतीसाठी जमिनी व तगाई देणे आणि त्यांच्यापैकीच शिपाई भरती करणे, हे या योजनेचे दोन मुख्य भाग होते. भरतीचे काम बावीस वर्षांच्या औट्रम यांच्याकडे आले.

भिल्ल पलटण

आरंभी औट्रम यांनी नियमित फौजेच्या साहाय्याने छापे घालून काही भिल्ल पकडले. त्यांतील काहींना सोडून त्यांच्यामार्फत इतरांच्या नातलगांना निरोप धाडले. त्यानंतर ते पहारा न घेता नाईकांबरोबर जंगलात राहू लागले. नाईकांचे मन वळवण्यासाठी त्यांनी मद्याचाही सढळ वापर केला. अशा रीतीने प्रथम केवळ पाच भिल्ल पलटणीत येण्यास तयार झाले. एका जागी जमवून आपल्याला मारले जाईल, अशी भीती त्या काळी भिल्लांमध्ये होती. म्हणून ही पाच माणसे पुढील भरतीस निर्णायक ठरली.

पलटणीचे ठाणे धरणगाव (आता जळगाव जिल्हा) येथे होते. मालेगावच्या छावणीत नियमित पलटणीतील शिपायांनी भिल्ल शिपायांना शेजारी बसवून पानसुपारी दिली, ही घटना पलटणीच्या इतिहासात महत्त्वाची मानली जाते. काही वर्षांतच शिपायांची संख्या शेकड्यांवर गेली. तीरकामठा बाळगणाऱ्यांच्या हाती सरकारी बंदुका आल्या.

शिकार

भिल्लांचा विश्वास मिळवण्यात शिकारीचा वाटा मोठा होता. भिल्लांचा कामठा बांबूचा असे व त्याची दोरीही बहुधा बांबूच्या लवचिक कांबीची असे. बाणाला लोखंडी पाते बसवीत. या शस्त्राने मोठ्या जनावराच्या फार जवळ जावे लागे. त्यामुळे माग काढणे, वाऱ्याची दिशा ओळखणे व निःशब्द चालणे यांवरच शिकाऱ्याचे प्राण अवलंबून असत. अस्वल विशेष धोक्याचे मानले जाई. त्याचे केस दाट असतात आणि अचानक सामना झाल्यास ते पळण्याऐवजी अंगावर येते. मोहाची फुले, मध व वाळवी हे त्याचे खाद्य असल्याने मोह वेचणाऱ्या भिल्ल कुटुंबांची त्याच्याशी गाठ पडत असे.

औट्रम बंदुकीने शिकार करीत, परंतु माग काढणे व हाका घालणे ही कामे भिल्लच करीत. अनेकदा ते हत्तीऐवजी पायीच जनावरासमोर जात. एकदा निवडुंगाच्या जाळीतून अंगावर आलेल्या वाघाबरोबर ते उतारावरून खाली लोळत गेले व त्याही स्थितीत त्यांनी पिस्तुलाने वाघ ठार केला, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. सोबतचे भिल्ल शोक करू लागले असता त्यांनी आपल्या जखमा क्षुल्लक ठरवल्या. या प्रसंगाने त्यांची कीर्ती डोंगरात पसरली.

१८२५ ते १८३४ या काळात औट्रम व त्यांच्या सहकाऱ्यांनी २३५ वाघ, २५ अस्वले, १२ रानरेडे व १६ बिबळे मारल्याची नोंद आहे. याशिवाय २२ वाघ, १४ अस्वले व ५ रानरेडे जखमी झाले. मारलेल्या वाघांपैकी ४४ वगळता उरलेल्या १९१ वाघांच्या शिकारीत औट्रम स्वतः सहभागी होते.

मोहिमा

पलटणीचा उपयोग प्रामुख्याने डोंगरी जमातींविरुद्धच झाला. १८३० मध्ये औट्रम यांनी डांगच्या भिल्ल राजांवर मोहीम नेली. पुढे यावल-अडावद भागातील तडवी भिल्लांचा उठाव त्यांनी मोडला. १८३३ मध्ये ते बडवानीच्या मोहिमेवर होते. १८३५ मध्ये त्यांची गुजरातेत महीकांठा येथे बदली झाली.

नंतरची कारकीर्द

पहिल्या इंग्रज-अफगाण युद्धात कलात घेतल्यावर वेष पालटून ते घोड्यावरून समुद्रकिनाऱ्यावरील सोनमियानीपर्यंत आले. १८४३ मध्ये त्यांनी सिंधमधील हैदराबादच्या रेसिडेन्सीचा बचाव केला; मात्र सिंधच्या अमिरांविरुद्धचे युद्ध त्यांना अन्याय्य वाटले. त्या लुटीतील आपला हिस्सा त्यांनी स्वतःसाठी न ठेवता धर्मादाय कार्यास दिला. यावरून सर चार्ल्स नेपियर यांच्याशी त्यांचा दीर्घ वाद झाला. सातारा व बडोदा येथे ते रेसिडेंट होते. बडोद्यातील लाचखोरी उघडकीस आणल्यामुळे त्यांना ते पद गमवावे लागले. १८५६ मध्ये अवध खालसा करण्याची अंमलबजावणी त्यांच्या हातून झाली. १८५७ मध्ये लखनौकडे कूच करताना त्यांनी सेनापतिपद स्वेच्छेने हॅवलॉक यांच्याकडे राहू दिले व पुढे आलमबागेची जागा मार्च १८५८ पर्यंत लढवली. १८६० मध्ये ते मायदेशी परतले. फ्रान्समधील पो येथे त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबे येथे त्यांचे दफन झाले.

वारसा

औट्रम लखनौच्या आघाडीवर असतानाच खानदेशात खाज्या नाईक व भीमा नाईक यांनी उठाव केला. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यातील आंबापाणी येथे झालेल्या लढाईत कंपनीच्या बाजूने भिल्ल पलटणही लढली. तीरकामठे घेतलेल्या भिल्लांसमोर बंदूकधारी भिल्ल उभे होते. इंग्रज लेखकांनी पलटणीची उभारणी हे सहानुभूतीने केलेल्या राज्यकारभाराचे उदाहरण मानले. आदिवासींच्या दृष्टीने पाहता तिने काही कुटुंबांना पगार व स्थैर्य दिले, परंतु डोंगरावरील त्यांची सत्ता संपवण्यासही हातभार लावला. पुढे १८७८ च्या वनकायद्याने जंगलातील वावर व शिकार यांवर निर्बंध आले. ज्या सातपुड्यात औट्रम यांनी शिकार केली, त्याच्या एका भागात १९६९ मध्ये यावल अभयारण्य घोषित झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अस्वलाची शिकार आता गुन्हा आहे.