संत गाडगेबाबा

विदर्भात अमरावती जिल्ह्यात शेंडगाव नावाचे एक खेडे आहे. तेथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी गाडगेबाबांचा जन्म झाला. त्यांचे खरे नाव डेबूजी. वडिलांचे नाव झिंगराजी व आईचे सखुबाई.

त्या वेळी त्यांच्या जातीत लग्न असो की बारसे, दारू आणि मटण पाहिजेच, असा रिवाज होता. नाही दिले तर लोक नावे ठेवत. झिंगराजींनाही दारू लागली आणि पिऊन पिऊन ते वारले. डेबू तेव्हा लहान होता. आई त्याला घेऊन दापुऱ्याला मामाकडे आली. तिथे डेबू गुरे राखायचा, नांगर धरायचा. शाळा काही मिळाली नाही. मामालाही वाचता येत नव्हते, म्हणून सावकाराने फसवले व शेत गेले.

पुढे डेबूजींना मुलगी झाली. बारशाला भाऊबंद जमले. सगळ्यांना वाटले, नेहमीसारखी दारू मिळणार. पण पानात पडले गोड जेवण! लोक रागावले. डेबूजींना तेव्हा फार धीर लागला असेल, कारण पाहुणे रुसले की मोठी माणसेसुद्धा घाबरतात.

१९०५ साली ते घर सोडून निघाले. अंगात चिंध्यांचा सदरा, डोक्यावर फुटके गाडगे, हातात खराटा. त्या गाडग्यातच ते जेवायचे. कुठल्याही गावात गेले की आधी झाडायला सुरुवात. गटार, उकिरडा, देवळापुढची घाण, काहीच सोडत नसत. लोक आधी नुसते बघत. मग एकेकाला लाज वाटे आणि तोपण खराटा घेई. काम झाल्याशिवाय बाबा भाकरी घेत नसत. रात्री कीर्तन करून सांगत की कर्ज काढू नका, दारू पिऊ नका, देवाला बकरे कापू नका, पोरांना शाळेत घाला. पाया पडलेले त्यांना मुळीच आवडत नसे.

पंढरपूरला अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना कोणी उतरू देत नसे. म्हणून बाबांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली. १९४९ साली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षण संस्थेला दिली. नाशिक, देहू, आळंदी येथेही धर्मशाळा बांधल्या. स्वतःला मात्र घर नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगावला ते वारले.

गुरुजींनी हे सांगितले तेव्हा मला आमच्या हापशाजवळचा कोपरा आठवला. तिथे आधीच कचरा होता, म्हणून आम्ही कागद, पेरूच्या साली तिथेच टाकायचो. मीपण टाकायचो. मग आमच्या वर्गाने तो झाडला, सडा घातला, मुलींनी रांगोळी काढली. आता तिथे टाकायला हात होत नाही. सगळे कागद आता वर्गाच्या मागे जातात, तिथे अजून झाडायचे आहे. पालकांनी येताना हापशाकडून यावे.

(इयत्ता ४ थी)