आयुर्वेदाचार्य उग्रादित्य यांचा कालनिर्णय

प्राणावाय पूर्वापासून चालत आलेल्या जैन वैद्यकपरंपरेत ‘कल्याणकारक’ या संस्कृत ग्रंथाचे कर्ते आचार्य उग्रादित्य यांचे स्थान अग्रगण्य आहे. आपल्या प्राचीन आचार्यांनी स्वतःचा जन्मशक लिहून ठेवण्याची फिकीर क्वचितच केली. त्यामुळे भाविक मंडळी त्यांना वाटेल तितके मागे नेतात. मितीवाचून हुंडी वटत नाही, हे आम्हा व्यापाऱ्यांना पक्के ठाऊक! सुदैवाने उग्रादित्यांनी मिती दिली नसली तरी साक्षीदार मात्र दिले आहेत.

पूर्वसूरी म्हणून ते समंतभद्र, पूज्यपाद, सिद्धसेन आदींचा आदराने उल्लेख करतात. अर्थात ते पूज्यपादांच्या, म्हणजे पाचव्या-सहाव्या शतकाच्या नंतरचे ठरतात. त्यांचे गुरू श्रीनंदी. या गुरूंच्या चरणी विष्णुराज नामक राजा नतमस्तक होई. ग्रंथरचना वेंगीच्या त्रिकलिंग देशातील रामगिरीवर झाली. हा रामगिरी म्हणजे आपले रामटेक, असे काहीजण अभिमानाने सांगतात; परंतु वेंगीचा स्पष्ट निर्देश पाहता आंध्रातील विजयनगरम्‌जवळचे रामतीर्थम् हेच स्थान ग्राह्य वाटते. तेथे जैन अवशेषही आहेत. विष्णुराज हा मग वेंगीच्या पूर्व चालुक्यांपैकीच असणार.

सर्वांत बळकट पुरावा ‘हिताहित’ अध्यायात आहे. नृपतुंगवल्लभ महाराजाधिराजाच्या सभेत, अनेक वैद्य व विद्वान यांच्यासमक्ष, औषधात मांस निरुपयोगी आहे हे उग्रादित्यांनी प्रतिपादन केले. मद्य, मांस व मधु वर्ज्य करून संपूर्ण चिकित्साशास्त्र उभे करणाऱ्या या वैद्याची ती खरी कसोटीच होती. नृपतुंग नावाचा एक पल्लव राजाही होऊन गेला, हे खरे. परंतु वल्लभ हे बिरुद राष्ट्रकूटांचे. मान्यखेटाचा जिनभक्त सम्राट, आचार्य जिनसेनांचा शिष्य अमोघवर्ष नृपतुंग (इ. स. ८१४ ते ८७८) हाच तो होय.

राहता राहिला विष्णुराज. काली विष्णुवर्धन हा अमोघवर्षाचा समकालीन खरा, पण त्याची कारकीर्द जेमतेम दीड-दोन वर्षांची. त्यापेक्षा आठव्या शतकाच्या उत्तरार्धातील चौथा विष्णुवर्धन मानल्यास गुरू एक पिढी आधीचे व शिष्य नृपतुंगाच्या सभेत, असा हिशेब सरळ जुळतो. उग्रादित्यांचा कार्यकाल नवव्या शतकाचा पूर्वार्ध धरावा, असे आमचे मत आहे.

हा ग्रंथ हस्तलिखितांतून बाहेर आला तो १९४० साली, आपल्या सोलापुरात. पं. वर्धमान पार्श्वनाथ शास्त्री यांनी संपादन व हिंदी अनुवाद करून तो सखाराम नेमचंद ग्रंथमालेत सिद्ध केला.