एक्स्प्लेनर : एका रात्रीत तोंड वाकडं करणाऱ्या ‘बेल्स पाल्सी’तले बेल कोण?

सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या एका कोपऱ्यातून गळतं. आरशात पाहावं तर एक डोळा मिटत नाही, हसू एकाच बाजूला ओढलं जातं. घरच्यांना पहिली शंका येते ती लकव्याची. डॉक्टर तपासतात आणि अनेकदा निदान निघतं ‘बेल्स पाल्सी’. यातले बेल म्हणजे स्कॉटलंडचे सर्जन सर चार्ल्स बेल.

चित्रकार सर्जन

बेल यांचा जन्म 1774 मध्ये एडिंबरात झाला. वडील धर्मगुरू होते, पण चार्ल्स लहान असतानाच गेले. आईनं चित्रकला शिकवली, तर थोरले भाऊ जॉन यांनी शरीररचना. गावातल्या वैद्यकीय भांडणांत भावाबरोबर तेही भरडले गेले आणि 1804 मध्ये त्यांनी लंडन गाठलं. दोनच वर्षांत त्यांचं पुस्तक आलं, तेही चित्रकारांसाठी! राग, भीती, हसू येताना चेहऱ्याचे कोणते स्नायू हलतात, हे त्यात सांगितलं होतं. 1815 मध्ये वॉटर्लूच्या लढाईनंतर ते ब्रसेल्सला धावले, जखमींवर शस्त्रक्रिया केल्या आणि त्यांची चित्रंही काढली.

चेहरा हलतो कसा, हा प्रश्न मात्र सुटला नव्हता. 1821 मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधात त्यांनी गाढवावरचा प्रयोग सांगितला. सातवी नस कापताच त्या बाजूच्या नाकपुडीची हालचाल थांबली. चेहऱ्याच्या हालचाली सातव्या नसेकडे आणि स्पर्श पाचव्या नसेकडे, ही विभागणी पुढच्या काही वर्षांत स्पष्ट झाली. डोळा मिटायला गेलं की बुबुळ वर सरकतं, हेही बेल यांनी टिपलं.

कपाळ काय सांगतं?

डॉक्टर रुग्णाला भुवया वर करायला सांगतात, ते याच नसेच्या तपासणीसाठी. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही अर्ध्या भागांतून संदेश येतात. (आम्हा इंजिनीअर मंडळींच्या भाषेत, दोन फीडरवरून सप्लाय.) त्यामुळे मेंदूच्या झटक्यात तोंड वाकडं झालं तरी कपाळावर सहसा आठ्या पडतात. बेल्स पाल्सीत खुद्द नसच कानामागच्या हाडातल्या अरुंद बोगद्यात सुजते, म्हणून त्या बाजूचं कपाळही सपाट राहतं.

पण ही परीक्षा घरी करून निर्धास्त होऊ नका. तोंड अचानक वाकडं झालं की थेट हॉस्पिटल गाठा. हातापायात कमजोरी किंवा बोलण्यात अडखळणं असेल तर एक मिनिटही घालवू नका.

बेल्स पाल्सीवर स्टेरॉइडच्या गोळ्या 72 तासांच्या आत सुरू झाल्या तर फायदा जास्त. मधुमेह असेल तर आधी सांगा, कारण या गोळ्यांनी साखर वाढते. सगळ्यात जास्त जपायचं ते डोळ्याला. तो मिटत नसल्यानं कोरडा पडतो, बुबुळाला इजा होऊ शकते. म्हणून दिवसा थेंब, रात्री मलम आणि पापणीवर टेप. बहुतेक रुग्ण काही आठवडे ते महिन्यांत बरे होतात.

श्रेयाचा वाद

बेल संत नव्हते. मणक्यातल्या नसांच्या मुळांपैकी कोणती हालचालीची, कोणती संवेदनेची, हे फ्रान्सच्या माजांदी यांनी 1822 मध्ये दाखवलं. बेल यांनी तो शोध आपलाच असल्याचा दावा केला आणि जुने निबंध पुन्हा छापताना त्यातली वाक्यं बदलली. सातवी नस श्वसनाशी जोडलेली आहे, हा त्यांचा तर्कही चुकला.

आणि हा आजार तरी पहिल्यांदा त्यांनी लिहून ठेवला का? तर नाही. जर्मनीच्या फ्रीडराइख यांनी 1798 मध्येच असे रुग्ण नोंदवले होते. त्याच्याही कित्येक शतकं आधी इराणचे वैद्य अल-राझी यांनी वाकड्या चेहऱ्याबद्दल लिहिलं होतं. बेल यांच्या रुग्णांतही दुखापतीसारखं उघड कारण असलेले होते. आज मात्र इतर कारणं तपासून वगळल्यावरच हे नाव लावतात.

1831 मध्ये बेल ‘सर’ झाले, 1836 मध्ये प्राध्यापक म्हणून एडिंबराला परतले. 1842 मध्ये लंडनकडे जाताना वूस्टरजवळच्या हॅलो गावी त्यांचं निधन झालं. हृदयाचं दुखणं जुनं होतं. स्टेरॉइड औषधं यायला त्यानंतर आणखी शंभर वर्षं लागली.