थंड डोंगरावर तापलेली पेटी

एप्रिल-मे महिन्यात दुपारी रानात पडलेल्या काळ्या पाइपाचा कॉक उघडला की पहिलं पाणी हाताला चटका देतं, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. पण गावच्या बैठकीत उन्हावर पाणी तापवण्याचा विषय काढला की एक शंका हमखास निघते. उन्हाळ्यात गरम पाणी कोणाला लागतं? लागतं ते थंडीत, आणि थंडीत ऊन तापतं कुठे? शंका रास्त आहे. तिचं उत्तर अडीचशे वर्षांपूर्वी एका माणसाने लाकडी पेटी डोंगरावर वाहून नेऊन शोधलं. त्याचं नाव होरास बेनेडिक्ट द सोस्यूर.

सोस्यूर यांचा जन्म 17 फेब्रुवारी 1740 रोजी जिनिव्हा शहराजवळ झाला. घर खानदानी आणि पैशाने बरे. वडील निकोला हे शेतीचे जाणकार, शेतीवर लिहिणारे. मावशीचे यजमान शार्ल बॉने हे झाडांच्या पानांचा अभ्यास करणारे नावाजलेले निसर्गशास्त्रज्ञ. त्यामुळे पोराला झाडाझुडपांची गोडी घरातच लागली. पानांच्या वरच्या सालीवर त्यांनी पुस्तक लिहिलं ते 1762 साली, आणि त्याच वर्षी, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ते जिनिव्हाच्या अकादमीत प्राध्यापक झाले.

आता पेटीकडे येऊ. त्या काळात युरोपात काचेची घरं बांधून त्यात थंडीतही फळझाडं जगवत. काचेआड ऊब साठते हे माळ्यालाही माहीत होतं. पण ती ऊब किती वाढते, हे कोणी नीट मोजून मांडलेलं नव्हतं. सोस्यूर यांनी 1767 साली काचेच्या पाच पेट्या केल्या, लहानाहून मोठी अशा, आणि एकीवर एक पालथ्या घालून काळ्या पृष्ठभागावर उन्हात ठेवल्या. ऊन सरळ पडावं म्हणून सूर्य सरकेल तशी मांडणी फिरवत राहिले. सगळ्यात आतल्या पेटीचा तळ 87 अंश सेल्सिअसच्या आसपास गेला. आत ठेवलेली फळं शिजली. बाहेरून आतल्या पेटीकडे जावं तसा तपमानाचा आकडा चढत होता.

मग त्यांनी आणखी साधी पेटी केली. पाइन लाकडाच्या अर्ध्या इंची फळ्या, आतून काळ्या बुचाचं अस्तर, आणि वर थोड्या थोड्या अंतरावर तीन काचा. ना विस्तव, ना आरसा. ही पेटी आतून 109 अंशांपर्यंत तापली. हा आकडा कोरड्या पेटीचा आहे, हे ध्यानात ठेवा. आत पाणी ठेवलं की ते उष्णता ओढून घेतं, आणि पेटी तेवढी तापत नाही.

पण खरी कमाल पुढे आहे. डोंगरावर ऊन लख्ख असतं, मग थंडी का वाजते, हा प्रश्न त्यांना छळत होता. त्यांनी पेटी उचलली आणि आल्प्समधल्या क्रामों नावाच्या डोंगरावर नेली. तिथे बाहेरची हवा 6 अंशांच्या घरात, म्हणजे आपल्याकडे कडाक्याच्या थंडीत पहाटे असते तशी. पेटी मात्र आतून 88 अंशांच्या आसपास. नंतर जवळजवळ पाच हजार फूट खाली सपाटीवर तीच पेटी लावली. बाहेर 25 अंश, आणि आत? एक-दोन अंशांचाच फरक. म्हणजे बाहेरची हवा गार की गरम, याला पेटी फारशी जुमानत नाही. ऊन स्वच्छ पाहिजे आणि आलेली ऊब बाहेर निसटता कामा नये. डोंगरावर ऊन कमी नसतं, तिथली विरळ हवा ऊब धरून ठेवत नाही, हे त्यांनी दाखवून दिलं. पुढे 1824 साली फूरिये या फ्रेंच गणितज्ञाने पृथ्वीभोवतीचं हवेचं पांघरूण ऊब कसं धरतं हे सांगताना याच पेटीचा दाखला घेतला.

आता आपल्या अंगणाचं बघा. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे आभाळ बहुधा निरभ्र असतं, म्हणजे अर्धं काम झालंच. तीन फूट लांब, दोन फूट रुंद अशी फळ्यांची पेटी करा. उत्तरेची बाजू उंच आणि दक्षिणेची ठेंगणी ठेवा, म्हणजे काच दक्षिणेकडे उतरती येते आणि हिवाळ्यातलं कलतं ऊन तिच्यावर नीट पडतं. तळाला आणि चारी बाजूंना दोन-तीन इंच कोरडा भुसा किंवा भाताचं तूस दाबून भरा. त्यावर काळा रंग दिलेला पत्रा. वर दोन काचा, मध्ये इंचभर फट ठेवून. आत बसकी, रुंद तोंडाची, झाकणाची दोन पातेली ठेवा. चुलीवर बाहेरून काळी झालेली असतील तर उत्तमच, ती घासू नका. सकाळी दहा ते दुपारी तीनपर्यंत पेटी उन्हात राहिली तर वीस लिटर पाणी वीस-पंचवीस अंशांनी तापायला हरकत नाही. तेवढ्याच पाण्याला चुलीत किलोभर लाकूड सहज जातं, कारण साध्या चुलीची बहुतेक आच भांड्याला न लागता बाजूने निघून जाते. ते लाकूड डोक्यावरून कोण आणतं आणि धूर कोणाच्या डोळ्यांत जातो, हे प्रत्येकाने आपापल्या घरात पाहावं.

मी स्वतः पहिली पेटी केली तेव्हा एकच काच लावली आणि कडेच्या फटी तशाच ठेवल्या. पाणी कोमटाच्या पुढे जाईना आणि बघायला आलेली मंडळी हसत परत गेली. दुसरी काच बसवली, फटींना सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या ठोकल्या, तेव्हा फरक पडला. एक अडचण मात्र खरी आहे. पाणी तापतं दुपारी आणि अंघोळ असते सकाळी. रानातून आल्यावर संध्याकाळी अंघोळ करणाऱ्यांना, दुधाच्या किटल्या धुवायला, जनावरांच्या आंबोणाला हे पाणी सोयीचं. सकाळसाठी ठेवायचं तर पातेली गोधडीत गुंडाळावी लागतात, आणि तरी ते कोमटच मिळतं.

सोस्यूर पेटीपाशी थांबले नाहीत. जिनिव्हातल्या आपल्या घरावर त्यांनी 1771 साली वीजरोधक सळई उभारली, तर शेजारीपाजारी घाबरले, ही आमच्याच घरावर वीज ओढणार म्हणून. त्यांनी पत्रक काढून लोकांची समजूत घातली. (नव्या गोष्टीला भिणारे लोक फक्त आपल्याच गावात असतात असं नाही.) कारागिरी आणि शेतीला उत्तेजन देणारी संस्था त्यांच्या पुढाकाराने 1776 साली जिनिव्हात निघाली. माणसाच्या केसाचा तेलकटपणा काढून त्यावर हवेतला दमटपणा मोजण्याचं यंत्र त्यांनी केलं. त्यावरचं पुस्तक 1783 चं. माँ ब्लाँ शिखराची वाट शोधणाऱ्याला त्यांनी 1760 सालीच बक्षीस लावलं होतं. दोघे वर पोचले 1786 साली, आणि पुढच्या वर्षी 3 ऑगस्टला सोस्यूर स्वतः अठरा वाटाडे घेऊन चढले. वर जाऊन केलं काय, तर पाणी उकळलं! ते 86 अंशांच्या आसपासच उकळलं.

शेवटची वर्षं मात्र वाईट गेली. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत पैसा बुडाला, अर्धांगवायूचे झटके आले, आणि 22 जानेवारी 1799 रोजी ते वारले. त्यांचा मुलगा निकोला थिओडोर याने 1804 साली झाड आपल्या अंगातला कार्बन हवेतून घेतं आणि पाणीही त्याच्या वाढीत धरलं जातं, हे तोलून-मापून दाखवलं. हिमालयातलं ब्रह्मकमळ ज्या वनस्पती-कुळीत मोडतं तिला या बापलेकांचं नाव आहे, सोस्यूरिया. गॅलरीतल्या कुंडीत रात्री फुलतं ते ब्रह्मकमळ वेगळं, ते निवडुंगापैकी.

पेटीतून काहीतरी उपयोगाचं निघेल, कारण ती लहान, स्वस्त आणि करायला सोपी आहे, अशी सोस्यूर यांना आशा होती. जॉन हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने 1830 च्या दशकात आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला अशाच पेटीत अंडी आणि मांस शिजवलं. आणि आपल्या मुंबईत विल्यम अ‍ॅडम्स या हायकोर्टातल्या इंग्रज अधिकाऱ्याने पेटीभोवती आठ आरसे बसवून सात शिपायांचं जेवण दोन तासांत शिजवलं. उष्ण देशांत जळणाऐवजी ऊन वापरा, असं सांगणारं त्याचं पुस्तक 1878 साली मुंबईतच निघालं. ते जेवण शिजलं होतं जानेवारी महिन्यात.